चार किलोमीटरचे भाडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा, वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर)



संयोजकांनी मला 'महानगरातील प्रवासी वाहतूक आणि समाजवादी धोरण' असा भारदस्त विषय दिला होता. अशा विषयावर तासभर बोलून काहीच न सांगण्याची कला मी अध्यापनाच्या पस्तीस वर्षांत पुरेशी आत्मसात केली आहे. म्हणूनच त्यांची अनुमती घेऊन मी विषय पुष्कळ लहान करून घेतला. विमानतळावर उतरलेला माणूस परवानाधारक टॅक्सीने घरी कसा जातो आणि त्याला नेणाऱ्याच्या पदरात काय पडते, एवढ्याच गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे.

विमानाने हिंडणाऱ्यांच्या सुखदुःखांची चिंता आपण कशाला वाहायची, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला आताच दिसतो आहे. प्रश्न गैर नाही. परंतु मुंबईच्या विमानतळावर रात्री-अपरात्री उतरणाऱ्यांत आखातातून दोन वर्षांनी परतणारा रत्नागिरीचा गवंडी असतो, केरळची परिचारिका असते, परळच्या कर्करोग रुग्णालयात उपचारासाठी आलेले आसामचे कुटुंब असते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला जो उभा असतो, तो विमानात बहुधा कधीच बसलेला नसतो. त्याचा विचार आपण करायचा नाही, तर कोणी करायचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बंगळूरला मुलीकडे महिनाभर राहून मी आणि पत्नी परत आलो. विमान उशिरा पोहोचले, सामान त्याहून उशिरा आले आणि आम्ही बाहेर पडलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजत होते. पाऊस कोसळत होता. आम्ही राहतो विलेपार्ल्याला, पूर्वेला. म्हणजे विमानतळापासून घर फार तर चार किलोमीटर. बाहेर पाऊल टाकताच दोन तरुण अत्यंत आदबीने पुढे आले. "काका, टॅक्सी? कुठे जायचे?" एकाने तर बॅगेच्या मुठीला हातही घातला. किती घेणार, असे विचारल्यावर "तुम्ही बसा तर खरे" हे उत्तर आले. ज्या व्यवहारात किंमत बसल्यानंतर कळते, त्या व्यवहारात बसू नये, इतके अर्थशास्त्र मला येते. पत्नीने मोबाईलवर एका कंपनीची गाडी शोधून पाहिली. पावसामुळे आकडा फुगला होता, आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहिला तर आणखी फुगला होता. तेव्हा आम्ही मुकाट्याने प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीशी गेलो, पत्ता सांगितला, पैसे भरले, चिठ्ठी घेतली आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रांगेकडे वळलो.

पहिल्या चालकाने चिठ्ठी पाहिली, "पार्ला?" असे म्हणून ती परत केली आणि काच वर केली. दुसऱ्याने कपाळाला हात लावला. मी तावातावाने त्याला मोटार वाहन कायद्याचे कलम १७८ ऐकवले. भाडे नाकारणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. खिडकीवरचा माणूस धावत आला, थोडी बाचाबाची झाली, आणि शेवटी दुसऱ्या चालकाने आमच्या बॅगा डिकीत ठेवल्या. ठेवल्या म्हणजे आपटल्या, असेच म्हटले पाहिजे.

मी संतापलेला होतो. नागरिकाच्या हक्कांवर एक छोटे व्याख्यान देण्याच्या तयारीत होतो. तेवढ्यात पत्नीने त्याला विचारले, "किती वेळ नंबर लावून बसला होतात?" तो म्हणाला, "साडेतीन तास, माताजी." पुढची दोन मिनिटे गाडीत कोणीच काही बोलले नाही. मग पत्नी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कलम तुम्ही बरोबर सांगितलेत. आता हिशेबही सांगा."

तो हिशेब मी घरी गेल्यावर मांडला, आणि तोच आज आपल्यापुढे ठेवतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत लागू झालेल्या दरांप्रमाणे काळ्यापिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. प्रीपेड खिडकीवरचे दर मीटरच्या भाड्याहून काहीसे अधिक असतात, पण सोयीसाठी आपण मीटरचाच दर धरू. चार किलोमीटरचे भाडे होते सुमारे ८३ रुपये. साडेतीन तासांची प्रतीक्षा आणि अर्ध्या तासाचा प्रवास मिळून चार तास. म्हणजे तासाला २१ रुपये, आणि तेही इंधन, गाडीची झीज आणि मालकाचा हिस्सा वजा जाण्यापूर्वी. त्याच रांगेत त्याच्या मागे असलेल्या चालकाला कुलाब्याचे, समजा, पंचवीस किलोमीटरचे भाडे मिळाले असते, तर त्याचे झाले असते सुमारे ५१७ रुपये. सहापटीहून अधिक. दोघांनी उन्हापावसात सारखाच वेळ काढलेला. फरक पडला तो केवळ पुढचा प्रवासी कोण निघाला एवढ्यामुळे. हे वेतन नव्हे, ही सोडत आहे. आणि ज्याला सोडतीत रिकामी चिठ्ठी मिळाली, त्याच्यासमोर उभा राहून मी कलम वाचीत होतो.

त्याने नकार दिला तर ते बेकायदेशीर ठरते, आणि ते तसेच असले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. आसामहून आलेल्या कुटुंबाला रात्री बारा वाजता "जवळ आहे, येत नाही" असे ऐकावे लागणे हा अन्यायच आहे. परंतु दरपत्रक प्रवासाचे अंतर मोजते, प्रतीक्षा मोजीतच नाही. मीटरमध्ये थांबण्याचा आकार असतो खरा, पण तो प्रवासी गाडीत बसल्यानंतरचा. प्रवासी येण्यापूर्वीचे तास कोणाच्याही खाती जमा होत नाहीत. शहरातल्या नाक्यावर हे फारसे जाणवत नाही, कारण तेथे चालक फिरता राहतो. विमानतळाच्या रांगेत एकदा शिरले की बाहेर पडता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, मग दर ठरवण्याची भानगडच सोडून द्या. मागणी वाढली तर दर वाढेल, घटली तर घटेल, आणि सगळे आपोआप जुळून येईल. वर्गात मी ही भाषा पुष्कळ वर्षे शिकवली आहे, म्हणून तिच्या मर्यादाही सांगण्याचा मला अधिकार आहे. बाजार नीट चालण्यासाठी ग्राहकाला काही माहिती असावी लागते, पर्याय असावा लागतो, आणि फसवणाऱ्याला पुन्हा त्याच ग्राहकाची गरज पडेल अशी भीती असावी लागते. विमानतळावर यातले काहीच नसते. प्रवासी थकलेला, सामानाने जखडलेला, बहुधा परगावचा. त्याला अंतर ठाऊक नाही, रस्ता ठाऊक नाही, चालक पुन्हा भेटणार नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि ज्या विचारासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्याचे मर्म हेच होते. एका बाजूला माहिती आणि दुसऱ्या बाजूला अज्ञान असले की वाईट माल चांगल्याला बाजाराबाहेर घालवतो. माझ्या बॅगेच्या मुठीला हात घालणारे तरुण हा त्या सिद्धांताचा चालताबोलता पुरावा होता.

आपल्याकडे हे ज्ञान अमेरिकेहून यावे लागले असे मात्र नाही. धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी केली, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने ती १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. रस्त्यावरच्या मोकळ्या स्पर्धेचे प्रत्यक्षात काय होते हे खुर्चीत बसून न ठरवता मोजून पाहिले पाहिजे, हा त्यांचा वस्तुपाठ होता. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि परवाना, प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ही चौकट उभी राहिली. त्या कायद्यामागे रेल्वेचे उत्पन्न सांभाळण्याचा इंग्रज सरकारचा हेतूही होताच. उगाच त्याला लोककल्याणाचे गंध लावू नये. तथापि त्या चौकटीतून एक मौल्यवान गोष्ट आपल्या हाती आली. रस्त्यावरची किंमत ही चालक आणि प्रवासी यांच्या ताकदीवर न ठरता, उघडपणे, कारणे देऊन, दोघांच्याही पाठीमागे उभ्या असलेल्या सार्वजनिक सत्तेने ठरवावी, हा दंडक. १९८८ च्या कायद्यातही राज्य सरकारचा तो अधिकार कायम आहे.

जुन्या मुंबईकरांना यांत्रिक मीटर आठवत असेल. मीटरवरचा आकडा एक आणि द्यायचे पैसे निराळेच, आणि दोहोंचा मेळ घालायला छापील तक्ता. प्रवासी चष्मा काढून तो तक्ता दिव्याखाली धरून वाचीत असे, आणि चालक निमूटपणे वाट पाहत असे. ते दृश्य मला फार आवडे. दोन अनोळखी माणसांमध्ये कागदाचा एक तुकडा होता, आणि दोघेही त्याला मानीत होते. काळ्यापिवळ्या प्रीमिअर पद्मिनीला तर २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांच्या वयोमर्यादेने रस्त्यावरून निरोप दिला. तिच्यावर वर्तमानपत्रांत किती हळवे लेख आले! गाडीसाठी डोळे पाणावणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चालवणाऱ्याचे पुढे काय झाले हे विचारले, ठाऊक नाही.

प्रीपेडची चिठ्ठी हा त्या तक्त्याचाच पुढचा अवतार आहे. तिची रचना किती शहाणपणाची आहे, पाहा. प्रवासी पैसे आधी भरतो, म्हणून चालकाला बुडण्याची भीती नाही. रक्कम आधी ठरते, म्हणून चालकाने लांबचा रस्ता धरण्यात काही लाभ नाही. चिठ्ठी मुक्कामाला पोहोचेपर्यंत प्रवाशाने आपल्या हाती ठेवायची आणि उतरल्यावरच द्यायची, म्हणून मध्येच उतरवून देण्याची सोय नाही. त्यावर गाडीचा क्रमांक असतो, म्हणून विसरलेली पिशवी परत मिळण्याची आशा असते. दिल्लीच्या विमानतळावर तर अशी खिडकी वाहतूक पोलिसांनीच चालवली. आपल्यापैकी जे कोणी प्रवास करतात त्यांना माझे सांगणे आहे की चिठ्ठी आधी देऊ नका, आणि पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे व चालकाच्या अंगावर बिल्ला असल्याखेरीज गाडीत बसू नका. एवढे साधे नियम, पण उच्चशिक्षित माणसेही ते पाळीत नाहीत.

आता जे सांगायचे आहे ते थोडे कडू आहे, आणि ते आपल्याच विषयी आहे. या शहरातल्या टॅक्सीचालकांशी समाजवादी चळवळीचा संबंध जुना आहे. १९६७ मध्ये स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत पराभूत करणारे जॉर्ज फर्नांडिस हे त्यापूर्वीपासून टॅक्सीचालकांचे पुढारी होते. १९६८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बाँबे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. ज्याच्याकडे तारण नाही त्या श्रमिकाला कर्ज मिळावे, चालवणाऱ्याने गाडीचा मालक व्हावे, हा त्यामागचा विचार होता. बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते त्यानंतरच्या वर्षी. पुढे तीच बँक न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखली जाऊ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, ठेवीदार शाखांपुढे रांगा लावून उभे राहिले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. टॅक्सीवाल्यांच्या घामातून उभी राहिलेली संस्था कोणाच्या हाती गेली आणि आपण केव्हा तिच्याकडे पाहणे सोडले, याची चर्चा आपल्या एकाही शिबिरात झाल्याचे मला स्मरत नाही.

परवान्याचेही तसेच झाले. १९९७ मध्ये मुंबईत नवे टॅक्सी आणि रिक्षा परवाने देणे थांबवण्यात आले, आणि ही बंदी २०१७ मध्ये उठली. वीस वर्षे! कोंडी आणि प्रदूषण ही कारणे सांगितली गेली. खाजगी मोटारींवर मात्र असे कोणतेही बंधन आले नाही. परवान्यांची संख्या गोठवली की परवाना हीच मालमत्ता होते. ज्याच्या नावावर परवाना आहे तो घरी बसतो, आणि ज्याच्या हाती चाक आहे तो त्याला पाळीमागे रोकड मोजतो. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे लिहिले ते येथे लोखंडी पत्र्याच्या बिल्ल्याला लागू पडते. आम्हाला घरी सोडणारा चालक जौनपूर जिल्ह्यातला. अठ्ठावीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवतो आहे, आणि आजही दुसऱ्याच्या परवान्यावर. हा खंड आपण पाहिला नाही, कारण परवाना ही आपलीच मागणी होती. आपल्या मागणीतून जमीनदार निर्माण होऊ शकतो, हे कबूल करणे जड जाते.

न्यूयॉर्कमध्ये हेच अधिक भयंकर रीतीने घडले. तेथे १९३७ पासून टॅक्सी परवान्यांची संख्या मर्यादित आहे. २०१४ च्या सुमारास एका परवान्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली होती. स्थलांतरित चालकांनी प्रचंड कर्जे काढून ते घेतले, आणि मोबाईलवरच्या टॅक्सीकंपन्या आल्यावर भाव कोसळले. काही चालकांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये चालक शहराच्या सभागृहाबाहेर पंधरा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा कुठे कर्जाचा बोजा कमी करण्याची योजना मान्य झाली.

आपल्याकडे त्या कंपन्या आल्या त्या पर्यटक परवान्याच्या वाटेने. अखिल भारतीय पर्यटक परवान्यावरच्या गाडीला मीटर नाही आणि प्रादेशिक प्राधिकरणाचे दरपत्रक नाही. अंधेरीहून दादरला जाणारा कारकून कायद्याच्या लेखी पर्यटक ठरला! आरंभी भांडवलदारांच्या पैशावर प्रवाशाला स्वस्त आणि चालकाला भरघोस, असे दोन्ही दिले गेले. पुढे दोन्हीकडचे काढून घेतले. हप्त्याने घेतलेली गाडी मात्र चालकाच्या गळ्यात राहिली. तरीही न्यायाने सांगितले पाहिजे की या कंपन्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली. किंमत आधी कळावी, भाडे नाकारले जाऊ नये, गाडीचा क्रमांक घरच्यांना कळावा, हे प्रवाशाला हवे होते. रात्री एकट्या परतणाऱ्या स्त्रीला ते फार हवे होते. माझी मुलगी मला तेच सांगते, आणि मला तिच्यापुढे युक्तिवाद सुचत नाही. हे सगळे प्रीपेडच्या चिठ्ठीत होते. आपण ती चिठ्ठी विमानतळाच्या एका कोपऱ्यात धूळ खात ठेवली, आणि त्यांनी तीच उचलून प्रत्येकाच्या खिशात नेऊन ठेवली. फरक इतकाच की आपल्या चिठ्ठीवरचा दर प्राधिकरणाने ठरवलेला असतो आणि त्यावर हरकत घेता येते. त्यांचा दर पावसाच्या पहिल्या सरीबरोबर कोठे, कोणी, कशासाठी वाढवला हे विचारायला खिडकीच नसते.

२०१९ च्या दुरुस्तीने या कंपन्या कायद्याच्या कक्षेत आल्या. महाराष्ट्राने २०२५ मध्ये धोरण जाहीर केले. मूळ दराच्या दीडपटीहून अधिक आकारणी नको, सवलत पंचवीस टक्क्यांहून अधिक नको, भाड्याचा किमान ऐंशी टक्के हिस्सा चालकाला. त्याच वर्षीच्या जुलैत कंपन्यांच्या गाड्या चालवणारे आझाद मैदानावर बसले होते. त्यांची मागणी काय होती? काळ्यापिवळ्या टॅक्सीप्रमाणे आम्हालाही सरकारने दर ठरवून द्या. ज्या दरपत्रकाला कालबाह्य म्हणून हिणवले, त्याचीच मागणी नव्या व्यवस्थेतला श्रमिक करीत होता. ही बातमी आपल्या साप्ताहिकाने पहिल्या पानावर छापायला हवी होती, असे मी संपादकांना तेव्हाही म्हटले होते.

येथे 'परप्रांतीय' या शब्दाविषयी बोलणे टाळता येणार नाही. २००८ मध्ये या शहरात उत्तर भारतीय टॅक्सीचालकांना मारहाण झाली. मराठी तरुणाला या धंद्यात स्थान मिळाले पाहिजे हे मला मान्य आहे, आणि प्रवाशाशी मराठीत बोलता आले पाहिजे हेही. आमचा जौनपूरचा चालक माझ्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलत होता. पण तासाला २१ रुपयांचा धंदा मराठी माणसाने करावा म्हणून दुसऱ्याचे डोके फोडणे, हे कोणत्या हिशेबात बसते? ज्या मराठी तरुणाने परवाना मिळवला आणि लगेच भाड्याने लावून टाकला, त्याला मी दोष देत नाही. त्याने हिशेब केला होता.

राहता राहिली रांग. ती ज्या जमिनीवर उभी आहे तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मुंबई विमानतळ २००६ मध्ये खाजगी भागीदारांकडे गेला. त्या करारानुसार उत्पन्नाचा ३८.७ टक्के हिस्सा सरकारी विमानतळ प्राधिकरणाला मिळतो. दुकाने, जाहिराती, वाहनतळ यांच्या उत्पन्नापैकी तीस टक्के रक्कम विमानसेवेचे आकार ठरवताना हिशेबात धरली जाते. विमानकंपनीने किती भरावे, प्रवाशाने विमानतळाच्या विकासासाठी किती द्यावे, यासाठी २००८ च्या कायद्याने एक नियामक प्राधिकरण नेमले आहे. तेथे सुनावण्या होतात, जाडजूड निवेदने येतात, वकील उभे राहतात. टॅक्सीच्या रांगेला छप्पर असावे का, चालकांसाठी शौचालय आणि पिण्याचे पाणी किती अंतरावर असावे, एका वेळी किती गाड्या आत घ्याव्यात, याची सुनावणी मात्र कोठेही होत नाही. कोठे थांबायचे हे एक सत्ता ठरवते, किती घ्यायचे हे दुसरी ठरवते, आणि साडेतीन तास या दोहोंच्या मधल्या फटीत पडतात.

उपाय नाहीत असे नाही. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जवळचे भाडे मिळालेला चालक ठराविक वेळेत परत आला, तर त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी धाडीत नाहीत, पुढे घेतात. चालकांच्या बोलीत त्या पासाला 'शॉर्टी' म्हणतात. याला ना मोठा खर्च लागतो ना नवा कायदा. खिडकीवरून मिळणाऱ्या आमच्या चिठ्ठीवरच एक शिक्का मारता येईल. आमचा चालक पार्ल्याहून पंधरा मिनिटांत परत गेला असता, आणि पुढच्या दहा गाड्यांत त्याचा क्रमांक लागणार हे त्याला माहीत असते, तर त्याने माझी बॅग आपटली नसती, आणि मलाही कलम आठवले नसते. दुसरे असे की विमानतळाच्या दरपत्रकात जवळच्या भाड्यासाठी प्रतीक्षेचा ठरीव आकार धरता येईल. मला पार्ल्यापर्यंत पन्नास रुपये अधिक द्यावे लागले असते तर मी खुशीने दिले असते, पण ते दरपत्रकात छापलेले असते तर. चालकाने मागितले की ती लूट वाटते, आणि मी आपणहून दिले की ती बक्षिशी होते. दोन्ही मला नको आहेत.

सहकाराचा प्रयोगही पुन्हा सुरू झाला आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने 'भारत टॅक्सी' ही सेवा चालवण्यासाठी बहुराज्य सहकारी संस्था नोंदवली गेली. मोठमोठ्या सहकारी संस्था तिच्या प्रवर्तक आहेत. सरकारने काढलेल्या सहकारी संस्थेत चालकाचा आवाज किती उरतो, याविषयी मी साशंक आहे. आपल्या साखर कारखान्यांचा इतिहास मला विसरता येत नाही. पण केवळ प्रवर्तक कोण आहेत हे पाहून तिकडे पाठ फिरवणे हा १९६८ चा वारसा सांगणाऱ्यांना शोभणारा मार्ग नव्हे. आत शिरून सभासदांच्या बैठका मागणे, हिशेब मागणे, हे काम आपल्याला येते. निदान पूर्वी येत असे.

आता मेट्रो विमानतळापर्यंत आली आहे. दोन्ही टर्मिनलांची स्थानके ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि एक पिशवी घेऊन फिरणाऱ्याने तिनेच जावे असे मी म्हणेन. पण रात्री उशिराच्या विमानांना, आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना, चार बॅगांच्या कुटुंबांना टॅक्सी लागणारच.

माझी विनंती एवढीच. साडेतीन तास हा एका चालकाने एका पावसाळी रात्री सांगितलेला आकडा आहे. तेवढ्यावर निवेदन देता येत नाही. परिवहन प्राधिकरणाचा अधिकारी पहिल्याच प्रश्नाला मला गप्प करील, आणि ते योग्यच होईल. गाडगीळांनी मोटारी मोजल्या तशी आपण रांग मोजू या. गाडी रांगेत शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, भाड्याचे अंतर आणि परवाना चालकाच्या नावाचा आहे की नाही, अशा चार रकान्यांचा तक्ता मी करून आणला आहे. तीन आठवडे, दिवसा आणि रात्री, दोन-दोन तासांच्या पाळ्यांत हे काम करावे लागेल. पार्ले, अंधेरी आणि मरोळ भागातले आठ जण मला हवे आहेत. चालकांशी बोलताना आधी चहा पाजावा लागेल. त्याचा खर्च मी करीन. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहापानाच्या वेळी दाराजवळच्या टेबलावर नावे द्यावीत. पहिले नाव मी घरूनच लिहून आणले आहे. ते माझ्या पत्नीचे आहे.